पुलाच्या आधी

१

टँकर नाल्यात पडला तेव्हा मी तिथून दीड किलोमीटरवर, मोहाच्या झाडाखाली खुर्ची टाकून गाड्या मोजत बसलो होतो.

मोजणं हेच माझं काम. चंद्रपूरला आमचा एक लहानसा कक्ष आहे. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांत धोकादायक माल नेणारी गाडी कुठे उलटली, का उलटली, लाख किलोमीटरमागे किती वेळा उलटली, याची नोंद आम्ही ठेवतो. आम्ही म्हणजे दिव्यानी नन्नावरे मॅडम, मी आणि एक पंखा. मॅडम चिमूरच्या, मोटार वाहन निरीक्षक. मी शिंगटे, वाईचा. दोन वर्षांपूर्वी माझी इकडे बदली झाली तेव्हा आईने डोळ्यांना पदर लावला होता आणि मित्रांनी वाघाचे फोटो मागितले होते. वाघ अजून दिसलेला नाही. अक्षर मात्र माझं मोत्यासारखं आहे आणि मराठी शुद्ध, म्हणून अपघातातले जबाब लिहायला पोलीससुद्धा मलाच हाक मारतात. या गोष्टीचा मला तेव्हा अभिमान होता.

श्रावणातला मंगळवार होता. पावसाने पंधरा दिवस दडी मारली होती आणि बांध्यांमधलं, म्हणजे खाचरांतलं, धान पिवळं पडायला लागलं होतं. मी तक्त्यात एकेक गाडी लिहीत होतो. नुसता प्रकार लिहिला तरी चालतं, पण मी नंबराचे शेवटचे चार आकडेही लिहितो. कोणी सांगितलेलं नाही, खोड आहे. पावणेपाचच्या सुमारास एक सायकलवाला म्हातारा धापा टाकत आला. "साहेब, साकोटीच्या पुलावरून टँकर पलटला!"

मला आश्चर्य वाटलं नाही, हे कबूल करतो. साकोटी नाल्याच्या पुलावर तीन वर्षांत नऊ मालगाड्या उलटल्या होत्या. पुलाआधी जो 'अपघातप्रवण क्षेत्र' असा पिवळा फलक आहे, तो आमच्याच अहवालामुळे लागला.

टँकर कठडा तोडून खाली कुशीवर पडला होता. कुरखेड्याच्या अलीकडे, जंगलातल्या एका कारखान्यातून अकरा टन वापरलेलं आम्ल घेऊन तो नागपूरच्या पुढे विल्हेवाटीला निघाला होता. त्याचं तोंड मात्र कारखान्याकडे होतं. मी वहीत लिहिलं, 'गाडी गरकन फिरून पडली.' मागच्या पाइपाला कसली तरी पाणवेल गुंडाळली होती, तेही लिहिलं, 'नाल्यातली असावी.' केबिनमधलं घड्याळ चार वीसला थांबलं होतं. ड्रायव्हर शुद्धीवर होता, पण उजवा पाय पाहवत नव्हता.

त्याचं नाव बिरजू मडावी. चौदा वर्षं गाडी चालवतो, एकही अपघात नाही. कुरखेड्याच्या दवाखान्यात त्याची बायको रुखमा त्याचं डोकं धरून बसली होती. दोन इंजेक्शनांच्या मधल्या वेळात मी त्याचा जबाब घेतला. तो तुटक बोलला, मी तो नीट वाक्यांत बसवून लिहिला:

'गाडी पुलाच्या आधीच खाली गेली होती. नाल्यात पाणी सोडू देऊ नये.'

त्यानंतर त्याची शुद्ध हरपली. त्याला गडचिरोलीला हलवलं. गाडीत चढताना रुखमाने मला विचारलं, "लिवलं ना जी साहेब, तो बोलला तसं? पानी बंद होईन ना?"

"आजच बंद करतो," मी म्हणालो. आणि खरोखरच पाटबंधाऱ्याच्या लोकांना फोन करून साकोटी नाल्यात येणारा कालव्याचा दरवाजा तासाभरात बंद करवला. एवढ्या वेगाने सरकारी काम झालेलं मी नोकरीत पाहिलं नव्हतं.

सगळं रहस्य त्या दोन ओळींत उलगडलं होतं. ते मीच पुरलं होतं, हे कळायला दोन दिवस गेले.

२

बुधवारी सकाळी मी पोचलो तोवर टँकर उचलून रस्त्याकडेला उभा केला होता. नाल्यावर चुना टाकला होता, दोऱ्या बांधल्या होत्या आणि दोऱ्यांच्या आत फक्त पुढारी होते.

वाहतूक कंपनीचा सुपरवायझर प्रवीण ठेंगरी पोलिसांना चहा देत होता. पूर्वी तोही ड्रायव्हर होता. बोलायला गोड, आणि गळ्यात सोन्याची साखळी. "मी चंद्रपूरलेच होतो जी. रात्री फोन आला, पहाटे निघालो. काय सांगू, बिरजू आमचा घरचा माणूस. पण डुलकी लागली त्याले. ढाब्यावर सव्वा तास बसून जेवला, मंग काय होते? हे पाहा, मोबाईलवर नोंद आहे."

ही नोंद खरी होती. गाडी कुठे आहे ते कंपनीला ड्रायव्हरच्या मोबाईलमधून दिसतं. दर दहा मिनिटांनी ठिपका उमटतो. दीड वाजता कारखाना सोडला. अडतीस किलोमीटरवरच्या ढाब्यावर ठिपका सव्वा तासाहून जास्त वेळ एकाच जागी होता. पुढे नऊ किलोमीटर, आणि पूल.

कारखान्याचा सुरक्षा अधिकारी प्रणितही आला होता. पंचविशीतला पोरगा, श्रावणातही घामाने थबथबलेला. त्याने वजनकाट्याची चिठ्ठी दाखवली, अकरा टन बरोबर. मग न विचारताच तो म्हणाला, "ड्रायव्हरला धोक्याचं कार्ड दिलं होतं मी. कशात काय आहे, सांडलं तर काय करायचं, सगळं त्यात लिहिलंय." कार्ड त्याने खिशातून काढलं. ते ड्रायव्हरजवळ असायला हवं, त्याच्या खिशात काय करत होतं, हे त्याला सुचलं नसावं. मला वाटलं, सापडला चोर.

पोलिसांनी बिरजूवर निष्काळजीपणाचा गुन्हा नोंदवला होता. रुखमाचा दुपारी फोन आला. "साहेब, याले अजून होश नाई. लोक म्हणून राह्यले का झोपला होता म्हून. हा माणूस स्टेरिंगवर झोपत नाई जी. बरं, पानी बंद केलं ना?"

"कालच केलं."

"मंग बरं," ती म्हणाली. तिचा श्वास मोकळा झालेला मला फोनवर ऐकू आला. आजही ऐकू येतो.

गुरुवारी सकाळी नन्नावरे मॅडम आल्या. त्यांनी टँकर पाहिला, नाला पाहिला, मग पूल ओलांडून पलीकडे गेल्या. तिथे रस्त्याकडेला मोकळी जागा आहे. त्या बराच वेळ जमिनीकडे पाहत उभ्या होत्या. परत आल्या तेव्हा त्यांनी एकच विचारलं.

"शिंगटेभाऊ, गाडी फिरली असं तुम्ही लिहिलं. फिरली, का कोणी फिरवली?"

३

पलीकडच्या जागेत जड चाकांचे गोल ठसे होते. टँकर पूल ओलांडून गेला होता, तिथे थांबला होता, वळला होता आणि परत येताना पडला होता. झोपलेला माणूस एवढा सुरेख यू-टर्न घेत नाही.

"म्हणजे तो परत चालला होता," मी म्हणालो. "कशाला?"

"तेच तं." मॅडम केबिनमध्ये चढल्या आणि किलोमीटरचा आकडा पाहून उतरल्या. लाख किलोमीटरमागे अपघात काढणाऱ्या बाईला किलोमीटर फसवत नाहीत. "कारखाना ते ढाबा अडतीस. ढाबा ते पूल नऊ. झाले सत्तेचाळीस. निघतानाचा आकडा वजनाच्या चिठ्ठीवर आहे. त्यापुढे गाडी एकोणसाठ चालली. बारा किलोमीटर कुठून आले?"

"पण मोबाईल तर ढाब्यावरच होता."

"मोबाईल होता. गाडी होती असं कोण म्हणालं?"

मी प्रणितकडे बोट दाखवलं. तो दूर उभा राहून बाटलीतलं पाणी पीत होता. मॅडमनी त्याला जवळ बोलावून एवढंच विचारलं, "कार्ड द्यायचं राहून गेलं ना?" पोरगा रडायलाच लागला. राहून गेलं होतं. नोकरी जाईल म्हणून रात्री नवीन तयार केलं होतं. त्याचा गुन्हा तेवढाच होता, आणि माझा चोर हातचा गेला.

एवढ्यात नाल्याकडून भांडणाचा आवाज आला. ठमाबाई नावाची ढिवर समाजाची म्हातारी दोरीखालून जाळं घेऊन वर येत होती आणि शिपाई तिला अडवत होता. टोपलीत मासे होते. फडफडत होते.

"बाई, तूच सांग याले," तिने मॅडमचा हात धरला. "परवापासून माया मासोळीचं नाव बदनाम करून ठेवलं. बाजारात कोनी हात लावत नाई. म्हनते का जहर आहे. मी काल खाल्ली, परवा खाल्ली. मेली का मी?"

"नाई मेलीस, मावशी."

"मंग?"

मॅडम टोपलीतल्या माशांकडे पाहत राहिल्या. अकरा टन आम्ल ज्या नाल्यात सांडलं, त्यात तिसऱ्या दिवशी मासे उड्या मारत होते. चुना टाकणाऱ्यांना, पुढाऱ्यांना आणि मला ते दिसलं नव्हतं, कारण आम्ही सगळे काठावरूनच पाहत होतो. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

"टँकर कोणी उचलला?" मॅडमनी विचारलं.

झिंगू नावाच्या माणसाने. त्याचा हायड्रा, म्हणजे उचलायची क्रेन, अजून तिथेच उभा होता. झिंगू हायड्राच्या सावलीत बसून खर्रा चघळत होता. त्याच्या पुढच्या एका वाक्याने माझी दोन वर्षांची शुद्ध मराठी मातीत मिळाली.

४

"ठेंगरी साहेबाचा मंगळवारी संध्याकाळीच फोन आला," झिंगू सांगू लागला. "म्हने, एक हायड्रा घेऊन ये. मी म्हटलं, अकरा टनाचं लोड हाये, दोन लागतीन. थो म्हने, तू ये तं खरी, एकानं उठते. आन् खरंच उठला जी, सुपडं उचलल्यावानी. भरेल टँकर एका हायड्रानं नाई उठत. खाली होता म्हून उठला."

मी बसल्या बसल्या लिहून घेतलं: 'टँकर पुलाखाली होता म्हणून एका क्रेनने उचलता आला.'

मॅडम माझ्या खांद्यावरून वहीत पाहत होत्या. "हे काय लिहिलं?"

"तो म्हणाला ते. टँकर खाली होता."

"कुठे खाली?"

"पुलाखाली. नाल्यात."

झिंगू माझ्याकडे पाहून हसला. मॅडम हसल्या नाहीत. "शिंगटेभाऊ," त्या अगदी हळू म्हणाल्या, "आमच्याकडे खाली म्हणजे रिकामं. खाली डबा, खाली गाडी. गाडी खाली केली म्हणजे माल उतरवला. दोन वर्षं झाली तुम्हाला इथे."

झाली होती. पण मी डबा घरून आणतो आणि फाइलींशी बोलतो. 'काऊन' म्हणजे का, 'कुठी' म्हणजे कुठे, हे मी पहिल्याच महिन्यात विचारून घेतलं होतं. अनोळखी शब्द माणूस विचारतो. ओळखीचा शब्द कशाला विचारेल? खाली हा शब्द तर माझ्या आईच्याही तोंडात आहे. हसू यायला हवं होतं, पण मला मंगळवारची संध्याकाळ आठवली होती.

"बिरजूचा जबाब दाखवा," मॅडम म्हणाल्या.

मी दाखवला.

"हे तुमचं मराठी. तो तोंडाने काय बोलला? शब्द न् शब्द सांगा."

मी डोळे मिटले. त्याचे पांढरे पडलेले ओठ दिसले. "तो म्हणाला, 'पुलाच्या आधीच खाली झाली होती गाडी, साहेब. पानी सोडू देऊ नोका.'"

"खाली झाली. तुम्ही गेली लिहिलं. आणि नाल्यात हा शब्द?"

"तो माझा. वाक्य अर्धवट वाटत होतं."

आमच्याकडे याला 'ध'चा 'मा' करणं म्हणतात. जिने केला तिने जाणूनबुजून केला होता. मी सुवाच्य अक्षरात, वाक्य सुंदर दिसावं म्हणून केला. मला स्वतःची लाज वाटली, आणि लाजेपेक्षा भीती जास्त वाटली. कारण आता त्या ओळींचा अर्थ लख्ख होता. आम्ल पुलाच्या आधीच कुठेतरी ओतलं गेलं होतं. जिथे ओतलं, तिथलं पाणी कोणीतरी सोडणार होतं. बिरजूला ते ठाऊक होतं, म्हणून तो परत फिरला होता. जंगलात मोबाईलला रेंज नाही. ते सांगू शकणारा एकमेव माणूस गडचिरोलीत बेशुद्ध होता. त्याच्या बायकोला मी दोनदा सांगितलं होतं की पाणी बंद केलंय, आणि बंद केलेला तो दरवाजा भलत्याच पाण्याचा होता.

मॅडम टँकरच्या मागे धावल्या आणि पाइपाची सुकलेली वेल ओढून घेऊन आल्या. "मावशी, हे काय आहे?"

ठमाबाईने पान उलटून पाहिलं. "हे काय इचारनं झालं? शिंगाड्याचा वेल."

"या नाल्यात होते का?"

"व्हायत्या पान्यात शिंगाडा कुठी होते व? तो बोडीत लावा लागते."

"ढाब्यापासून सहा किलोमीटरात कोण्या बोडीत लावला आहे?"

"येरमटोल्याच्या. माया भाच्यानंच लावला." म्हातारीचा चेहरा बदलला. "काऊन बाई? तिथलं तं आज तुडूम खोलून राह्यले. धानाले पानी पाह्यजे ना."

बोडी म्हणजे शेतीसाठी बांधलेलं लहान तळं, आणि तुडूम म्हणजे त्याचं पाणी शेतात सोडायचं दार. मॅडमनी घड्याळ पाहिलं. "किती वाजता?"

"नानाजी पूजा करन, नारळ फोडन, मंग खोलन. तीन वाजता म्हनत होते."

अडीच वाजून गेले होते.

५

जीप मॅडम चालवत होत्या. मी फोन लावत होतो आणि फोन लागत नव्हता. शेवटी मॅडमच बोलू लागल्या, बहुधा माझं तोंड पाहून.

"प्रवीणनं ढाब्यावर गाडी मागून घेतली असेल, हवा भरतो नाहीतर चाक पाहतो म्हणून. मोबाईल चार्जिंगला लावून बिरजू जेवत बसला. सहा किलोमीटर जाऊन बोडीत पाइप टाकला, खाली केली, सहा किलोमीटर परत. रिकामी गाडी बिरजूच्या हातात दिली. चौदा वर्षांचा ड्रायव्हर, त्याला स्टेअरिंग हातात धरल्याबरोबर कळलं असेल. पुलापलीकडे थांबून त्याने मागे जाऊन पाहिलं. वेल दिसली."

"पण प्रवीणच कशावरून?"

"रिकामा आहे हे ज्याला ठाऊक होतं, त्यानंच एक हायड्रा मागवला. तोही गाडी न पाहता, चंद्रपुरात बसून."

"चंद्रपुरातच होता कशावरून?" मी सहज म्हणालो, आणि म्हणता म्हणता माझा हात पिशवीत गेला. मंगळवारचा तक्ता. पुलाकडून कुरखेड्याकडे जाणाऱ्या गाड्या. चार पंचवीस: 'पिकअप, पांढरी, ४४१७.' कालही ही गाडी मी पाहिली होती. तिच्या टपावर चहाचा थर्मास ठेवून प्रवीण पोलिसांना चहा देत होता.

चार वीसला टँकर पडला. पाच मिनिटांनी ही पिकअप पुलावरून येऊन माझ्या समोरून गेली. आत बसलेल्याने टँकर पडताना पाहिला असणारच. तो थांबला नाही, ओरडला नाही. बिरजू समोरून परत येतोय हे पाहून त्याने पुलावर गाडी आडवी घातली असावी. मॅडमनी तक्त्याकडे एकदा पाहिलं. "तुमची खोड कामाची आहे," त्या म्हणाल्या. एरवी मी सुखावलो असतो.

येरमटोल्याच्या बोडीवर तीस-चाळीस माणसं जमली होती. पलीकडच्या काठाला शिंगाड्याची पानं तांबडी पडली होती आणि मासे पांढरी पोटं वर करून तरंगत होते. नारळ फुटला होता. पाणीवाटपाचे प्रमुख नानाजी गुडघाभर पाण्यात उतरून तुडुमाच्या दांड्याला हात घालत होते.

"थांबा!" मॅडम ओरडल्या.

नानाजींनी वळून पाहिलं. साठीचा माणूस, पायाला चिखल, डोळ्यांत राग. "काऊन थांबू? पंधरा दिवसांपासून पानी नाई. धान करपून राह्यलं."

"मासे मेलेले दिसत नाहीत का?" मी म्हणालो.

"ऊन पडलं का मासोरे मरतेच. नवीन आहे का ते? परवा साहेब लोक येऊन सांगून गेले, जहर साकोटीच्या नाल्यात आहे. आमच्या बोडीचं नाव कोन्या कागदावर आहे, दाखव!"

कोणत्याही कागदावर नव्हतं. कागद मीच लिहिला होता. मी समजावू लागलो: सदर वाहनातील घातक द्रव, दूषित जलसाठा, तपासणी होईपर्यंत. चाळीस माणसं माझ्याकडे पाहत होती आणि त्यातल्या एकाच्याही चेहऱ्यावर काही उमटत नव्हतं. नानाजी पुन्हा वाकले. दांडा वीतभर हलला.

मी बुटासकट पाण्यात उतरलो. मॅडमनी मागून माझी कॉलर ओढली, तरी ओरडलोच, "नानाजीभाऊ, तो अॅसिडचा टँकर तुमच्या बोडीत खाली झाला! इथी! बिरजूनं सांगतलं होतं, मीच चुकीचं लिवलं!"

नानाजींचा हात दांड्यावरून असा सुटला जसा विस्तवावरून सुटावा. ते मागे सरले, काठावर चढले आणि कोणी न सांगता हापशाकडे पाय धुवायला धावले. दोन माणसांनी दांडा पुन्हा दाबून बसवला. एवढी माहिती मी दहा वाक्यांत सांगू शकलो नव्हतो. एका शब्दात झालं.

शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. माझे बूट दुसऱ्या दिवशी तळव्यापासून सुटले.

६

प्रवीणने तासभर नाही नाही केलं. मग ढाब्यावाल्याने त्याला ओळखलं, "हाच तं हवा भराले गाडी घेऊन गेल्ता." त्यावर त्याने सगळं कबूल केलं, पुलावर पिकअप आडवी घातल्याचंही. मॅडमनी त्याला विचारलं, पूलच का निवडला? विल्हेवाटीचे पैसे खिशात टाकायचे आणि आम्ल सांडलं असं दाखवायला, ढाब्यावर गाडी परत देताना बिरजूला पटवून, ती पुलावर हळूच पाडून घ्यायची, असा त्याचा बेत होता. बिरजू नाही म्हणाला, एवढंच बिघडलं. पण पुलाबद्दल तो जे बोलला, ते मॅडमना लागलं. "तुमचाच बोर्ड आहे ना मॅडम तिथी? तिथी गाडी पलटली तं कोनी इचारत नाई."

चंद्रपूरला परतल्यावर मॅडमनी जुना तक्ता काढला. पुलावरचे नऊ अपघात. त्यातले चार याच कंपनीच्या टँकरांचे. लाख किलोमीटरमागचा त्यांचा दर इतरांच्या वीसपट होता आणि आम्ही त्याचं खापर पुलावर फोडलं होतं. "आपण मोजलं बरोबर," त्या म्हणाल्या, "पण नाल्यात उतरून एकदाही पाहिलं नाही." ते चार टँकर कुठे खाली झाले, हे आम्ही अजून शोधतो आहोत.

येरमटोल्याचं पाणी वाचलं नाही, माणसं आणि जनावरं वाचली. धानाचं काय झालं ते न सांगितलेलं बरं.

बिरजू सहाव्या दिवशी शुद्धीवर आला. उजवा पाय गुडघ्यापासून काढावा लागला होता. मी नवीन कागद घेऊन गेलो. रुखमा खाटेशेजारी खाली बसली होती. तिने माझ्याशी बोलणं टाकलं होतं आणि ते बरोबरच होतं.

"बिरजूभाऊ," मी म्हणालो, "पुन्हा सांगाल का? माझं चुकलं होतं."

त्याने आधी विचारलं, "पानी?"

"नाही सोडलं."

मग तो सांगू लागला आणि मी लिहू लागलो. या वेळी काना-मात्रा सुधारली नाही. तो थांबला तिथे मी थांबलो. लिहून झाल्यावर रुखमा पहिल्यांदा बोलली, "वाचून दाखवा."

मी वाचलं, "पुलाच्या आधीच खाली झाली होती गाडी, साहेब. पानी सोडू देऊ नोका."

"खाली म्हंजे काय?" तिने विचारलं.

"रिकामी," मी म्हणालो.

तिने कागद माझ्या हातातून घेतला, त्या ओळीवर बोट ठेवलं आणि नवऱ्याचा अंगठा शाईत बुडवला.